मानखुर्दच्या पोळ्या, पवईचं ॲप आणि घाटकोपरवरून जाणारं विमान

अंधेरी असो की मुलुंड, मुलांच्या शाळेचा विषय निघाला की बोलणं दोन गोष्टींवर येऊन थांबतं: बोर्ड कोणतं आणि फी किती. बाई प्रश्न कसा विचारतात, अपूर्णांक कुठून सुरू करतात, चुकलेल्या उत्तराचं पुढं काय करतात, हे कुणी विचारत नाही. मूल शिकतं की नुसतं वर्गात बसतं, हे मात्र बरंचसं तिथंच ठरतं. या साध्या दिसणाऱ्या गोष्टींवर रीतसर संशोधन होतं आणि त्यातलं बरंच आपल्याच उपनगरांत झालंय. त्यातल्या काही मजेदार, काही चकित करणाऱ्या गोष्टी इथं सांगतो. मधूनमधून जगाचीही चक्कर मारू.

भौतिकशास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळेत

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज मानखुर्दला, व्ही. एन. पुरव मार्गावर आहे. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं ते सुरू केलं तेव्हा त्याचा संसार नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या खोल्यांत होता. शाळा सुधारण्याचा अभ्यास करणारी संस्था शाळेतच जन्मली, याहून योग्य पत्ता कुठला?

पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. गरीब वस्त्यांतली मुलं विज्ञानात मागं का पडतात, हा त्यांचा प्रश्न होता. ‘मुलांची कुवतच कमी’ हे तयार उत्तर त्यांनी घेतलं नाही. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या भाषेकडं पाहिलं. ‘उष्णता दिली असता द्रवाचे बाष्पात रूपांतर होते’ अशा धाटणीचं वाक्य घरी कुणी बोलत नाही. ‘पाणी तापलं की त्याची वाफ होते’ हे मात्र चहा करणाऱ्या आईच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाला कळतं. केंद्रानं विज्ञानाचा मजकूर सोप्या मराठीत लिहून महापालिका शाळांत शिकवून पाहिला आणि मुलांची कामगिरी सुधारली. विज्ञान तेच होतं, मुलंही तीच होती. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी १९८१ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी आपली कितीतरी पुस्तकं अजून ‘असता’ आणि ‘द्वारे’ सोडायला तयार नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तीन पोळ्या, पाच मुलं

एक पंचमांश मोठा की एक चतुर्थांश? चौथी-पाचवीतल्या मुलांना विचारून पाहा. ‘एक पंचमांश’ असं उत्तर हमखास येतं, कारण पाच हे चारापेक्षा मोठे. वर्षभर गोल काढून, त्याचे तुकडे करून, त्यातले काही रंगवूनही ही समजूत हलत नाही.

मानखुर्दच्या केंद्रात के. सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगवलेला गोल बाजूला ठेवला आणि वाटणीपासून सुरुवात केली. तीन पोळ्या आहेत, पाच मुलांत सारख्या वाटायच्या, तर एकाला किती? आता त्याच तीन पोळ्या चारच मुलांत वाटा. कुठल्या पंगतीला बसलेलं बरं? इथं कुणी चुकत नाही. माणसं वाढली की वाटा लहान होतो, हे पोराला पोटातून ठाऊक असतं. मग फळ्यावर वर पोळ्या आणि खाली मुलं लिहिली की तीन पंचमांश हा आकडा आपसूक उभा राहतो. याच्या जोडीला मोजपट्टीवरचा अपूर्णांक येतो: एकक लहान-लहान करत लांबी मोजायची. वाटणी आणि मोजणी हे दोन धागे एकत्र विणले की अपूर्णांकाची समज पक्की होते, असा त्यांच्या कामाचा रोख आहे.

हा प्रयोग घरी करायला काही लागत नाही. रात्रीचं जेवण आणि दोन मुलं पुरेत.

वजाचं चिन्ह कुणाचं?

२० − ५ + ३ = ?

बरीच मुलं आधी ५ आणि ३ ची बेरीज करून मोकळी होतात, आठ वजा करतात आणि १२ लिहितात. बाई लाल शाईनं फुली मारतात. मूल मात्र विचार करत राहतं, की बेरीज तर बरोबर होती, मग चुकलं कुठं?

राखी बॅनर्जी आणि सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर यावर एक सुटसुटीत युक्ती वापरली. प्रत्येक पद त्याच्या चिन्हासकट चौकटीत ठेवायचं: एका चौकटीत +२०, दुसरीत −५, तिसरीत +३. आता चौकटी कशाही सरकवा, वजाचं चिन्ह पाचाला चिकटूनच राहतं. राशीत कुठली पदं आहेत हे डोळ्यांना दिसायला लागलं की मुलं गणित करण्याआधी ते वाचतात. पुढं त्याच चौकटींत क्ष येऊन बसतो आणि बीजगणिताची भीती बरीच ओसरते. एक पेन आणि चार रेघा, एवढाच याचा खर्च.

बालसखी: मुंबईची पोरगी जगभर फिरली

आता या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

१९९४ मध्ये युनिसेफच्या मदतीनं मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे हे तिचे संस्थापक. चव्हाण मुळात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. वस्त्यांत बालवाड्या सुरू करायच्या तर जागा कुठून आणायची? मग देवळात, कुणाच्या घरात, कुठल्या कार्यालयात, जिथं दोन तास मिळतील तिथं बालवाडी भरायची. त्यातून पुढं बालसखी आली. दहावीपर्यंत शिकलेली, त्याच वस्तीतली तरुण मुलगी. महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन आणि सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीत गेलेली पण वाचन, बेरीज-वजाबाकी न जमणारी १५ ते २० मुलं तिनं रोज दोन तास वर्गाबाहेर घ्यायची आणि अगदी मुळापासून शिकवायचं. बसायला जागा म्हणजे व्हरांडा, जिना, मिळेल तो कोपरा.

याचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायला अर्थतज्ज्ञ आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन यांनी मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत, चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं, कुणाला बालसखी मिळेल ते ठरवलं आणि फरक मोजला. औषधाची चाचणी जशी घेतात तशीच ही शिकवण्याची चाचणी होती. २००७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसत होती आणि सर्वांत मोठी झेप सर्वांत मागं असलेल्या मुलांची होती.

यातला चटका लावणारा तपशील पुढंच आहे. मागं पडलेली मुलं बालसखीकडं गेली की मूळ वर्ग लहान व्हायचा. म्हणजे उरलेल्या मुलांना शिक्षकाचं जास्त लक्ष मिळायला हवं. तरीही त्या मुलांचे गुण वाढले नाहीत. पटसंख्या कमी झाली पण शिकवणं जसंच्या तसं राहिलं, तर हाती फारसं काही लागत नाही. ‘वर्गात फक्त पंचवीस मुलं’ ही जाहिरात पाहून प्रवेश घेणाऱ्या पालकांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात या प्रगतीचा बराच भाग ओसरला. एका वर्षाचा आधार आयुष्यभर पुरत नाही.

‘मूल कुठल्या इयत्तेत आहे ते सोडा, त्याला काय येतं तिथून सुरुवात करा’ ही कल्पना पुढं देशातल्या अनेक राज्यांत गेली, तिथून झांबियासारख्या आफ्रिकी देशांत पोचली. २०१९ मध्ये बॅनर्जी आणि दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गरिबी कमी करण्यासाठी असे प्रत्यक्ष प्रयोग करण्याची पद्धत हे त्यामागचं कारण. अभिजित यांचा जन्म मुंबईचाच, १९६१ चा, आणि त्यांच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर. व्हरांड्यात बसून बाराखडी शिकवणाऱ्या त्या मुलींचं नाव कुठल्या पुरस्काराच्या यादीत नाही, पण त्या कामातला घाम त्यांचा होता.

एका पानाची परीक्षा

‘प्रथम’नंच २००५ पासून ‘असर’ हा अहवाल सुरू केला. त्याची वाचनाची चाचणी एका कागदावर मावते: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. स्वयंसेवक घरी जातो, मुलाजवळ बसतो, वाचून घेतो. आठ-दहा मिनिटांत कळतं की पाचवीतलं मूल दुसरीचं वाचू शकतं की नाही. मुळात ही पाहणी ग्रामीण भागासाठी आहे, पण कांदिवलीच्या घरातही ही चाचणी घेता येते. पालकांनी एकदा घेऊन पाहावी. प्रगतिपुस्तकातले गुण आणि प्रत्यक्ष वाचन यांत कधीकधी मोठं अंतर निघतं.

विमान गेलं, वाक्य गेलं

घाटकोपर-कुर्ल्याच्या कितीतरी शाळांत बाई वाक्याच्या मध्येच थांबतात. वरून सांताक्रूझला उतरणारं विमान जातं, खिडक्या थरथरतात, मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून. विमान नसेल तर लोकल, लोकल नसेल तर द्रुतगती मार्ग. आपल्याला सवय झालीय असं आपण म्हणतो. मुलांच्या मेंदूला ती होत नाही, असं संशोधन सांगतं.

न्यूयॉर्कमध्ये वरच्या मॅनहॅटनमधली एक शाळा उन्नत रेल्वेमार्गाला लागून होती. दर साडेचार मिनिटांनी गाडी जायची आणि शिकवणं थांबायचं. १९७५ मध्ये आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी एकाच शाळेतल्या दोन बाजूंची तुलना केली. रुळांकडच्या वर्गांतली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागं होती. सहावीपर्यंत हे अंतर जवळपास एका वर्षाचं झालं होतं. शाळा तीच, शिकवण्याची पद्धत तीच, फक्त बाजू वेगळी. पुढं रेल्वेनं रुळांखाली रबर घातलं, शाळेनं छताला आवाज शोषणारं आवरण लावलं. ब्रॉन्झाफ्ट यांनी पुन्हा मोजलं तेव्हा फरक नाहीसा झाला होता.

म्युनिकमध्ये तर निसर्गानंच जणू प्रयोग मांडून दिला. १९९२ मध्ये शहराचा जुना विमानतळ बंद झाला आणि नवा सुरू झाला. संशोधक आधीपासून दोन्हीकडच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन तपासत होते. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची कामगिरी सुधारली, नव्याजवळच्या मुलांची घसरली.

उपनगरातल्या शाळांसाठी यातून निघणारं काम अगदी साधं आहे. सर्वांत लहान मुलांचे आणि वाचनाचे वर्ग रस्त्याच्या, रुळांच्या बाजूला ठेवू नका. स्टोअर रूम, कार्यालय, शिक्षकांची खोली तिकडं न्या. पत्र्याच्या छताखाली थोडं आवाज शोषणारं साहित्य लावा. डिजिटल फळ्यासाठी निधी जमवणाऱ्या संस्थाचालकांनी आधी कान देऊन वर्गात बसावं.

एक सेकंद

बाई विचारतात, ‘पाऊस कसा पडतो?’ आणि मग उत्तरासाठी किती वेळ थांबतात?

अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गातल्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून हे मोजलं. उत्तर निघालं, जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात हात वर झाला नाही की दुसऱ्याचं नाव, नाहीतर बाईच उत्तर सांगून मोकळ्या. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला सांगितलं. उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, मुलं एकमेकांना प्रश्न विचारू लागली.

तीन सेकंद फार वाटत नाहीत, पण पन्नास मुलांसमोर उभं राहून गप्प राहणं सोपं नाही. मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं. पहिल्या बाकावरची हुशार मुलगी हात नाचवत असते, तिच्याकडं न पाहता मागच्या बाकावर नजर ठेवायची. तिसऱ्या आकड्यावर तिकडचा एखादा चेहरा बदलतो, ओठ हलतात. त्याचं नाव घ्यायचं.

पवईचे दोन प्रयोग

आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर स्वतंत्र संशोधन चालतं. तिथं पहिल्या वर्षाच्या संगणकाच्या भल्यामोठ्या वर्गात सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी एक जुनी युक्ती वापरली: आधी एकट्यानं विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सगळ्यांसमोर मांडा. वर्गात किती जण खरंच कामात गुंतलेत हे निरीक्षक बसवून मोजलं. आकडा निघाला ८३ टक्के, आणि तो २०१३ च्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच आहे. शेकडो मुलांच्या सभागृहात हे जमतं, तर बोरिवलीच्या साठ मुलांच्या वर्गात जमायला काय हरकत आहे? बाकावर दोघं बसलेलीच असतात. ती बोलली की शिक्षा, ही प्रथा फक्त सोडायची.

दुसरा प्रयोग प्रीती राव यांच्या गटाचा, ‘तारा’ नावाचं ॲप. मूल मोबाइलसमोर मोठ्यानं वाचतं आणि यंत्र सांगतं, मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, वाचनात चढउतार आहेत की सगळं एका सुरात चाललंय. एका शिक्षिकेला चाळीस मुलांचं वाचन एकेक करून ऐकायचं म्हटलं तर आठवडा जातो. केंद्रीय विद्यालयांनी हे ॲप वापरायला घेतलं. मराठी शाळांनाही असं साधन हवंय.

पुन्हा वाचू नका, मिटून आठवा

उद्या पेपर असेल तर धडा तिसऱ्यांदा वाचायचा, ही आपली रीत. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्रातली पाणमांजरं यांवरचे उतारे दिले. एका वेळी विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या वेळी कागद मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणं पुढं होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं: पुन्हा वाचलेलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेलं ५६ टक्के.

म्हणजे पुन्हा वाचल्यावर ‘येतंय’ असं वाटतं, पण ते टिकत नाही. आईनं संध्याकाळी ‘वाचलंस का?’ असं विचारण्यापेक्षा ‘पुस्तक मिट आणि आज काय शिकवलं ते मला सांग’ म्हणावं. आणि घोकंपट्टीवर उठसूट टीका करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं, की आठवण्याचा सराव वाईट नाही. अर्थ न कळता पोपटपंची करणं वाईट.

याच्या जोडीला एक गैरसमज निकालात काढू. ‘आमचा मुलगा बघून शिकणारा आहे, ऐकून शिकणारा नाही’ हे प्रत्येक पालकसभेत ऐकू येतं. हॅरल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. अशा शैलीनुसार शिकवल्यानं फायदा होतो, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनीच पाहायचा असतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकायची असते.

पंचवीस की वीस पाच?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला. ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असंही वाचायला दिलं होतं. विनोदांचा पूर आला, विधिमंडळात प्रश्न आला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ज्ञ, शांतपणे समजावत राहिल्या.

त्यांचा मुद्दा पक्का होता. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, पण लिहिताना दोन आधी लिहितो. सहा-सात वर्षांचं मूल ऐकतं एका क्रमानं, लिहितं दुसऱ्या. म्हणूनच २५ च्या जागी ५२ होतात. त्यात सत्त्याहत्तर, त्र्याण्णव, एकोणसाठ अशी नावं, प्रत्येक वेगळं पाठ करायचं. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ ‘दहा-एक’. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन आणि चिनी बालकांची तुलना केली: दहापर्यंत दोघं बरोबरीत, अकरा ते एकोणीसमध्ये चिनी मुलं पुढं. नारळीकर बाईंनी जुनी नावं काढली नव्हती, दोन्ही ठेवली होती. मुलांच्या सोयीचा विचार करणाऱ्या बदलाची इतकी टिंगल व्हायला नको होती. २०२३ मध्ये त्या गेल्या. पण घरात ‘पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच’ म्हणायला आजही कुणाची परवानगी लागत नाही.

अक्षरांचंही असंच. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासातून, तसंच सोनाली नाग यांच्या कन्नडवरच्या कामातून दिसतं की बाराखडी, मात्रा, जोडाक्षरं पूर्ण हाती यायला मुलांना काही वर्षं लागतात. पहिलीत सगळं आलंच पाहिजे ही घाई आपली, मुलांची नव्हे.

वस्तीतलं गणित

अरिंदम बोस आणि सुब्रमण्यम यांनी मुंबईतल्या घरोघरी उद्योग चालणाऱ्या वस्तीत शाळकरी मुलांचा अभ्यास केला. शिवणकाम, चामड्याच्या वस्तू, किरकोळ विक्री. या मुलांना डझन, माप, हिशोब, वाटा असं कितीतरी गणित कामातून येत होतं. शाळेच्या वहीत मात्र ते उतरत नव्हतं, कारण शाळेनं त्याची कधी चौकशीच केली नव्हती. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला, बॅनर्जी-दुफ्लो यांच्यासह मोठ्या गटाचा. भाजीचा गुंतागुंतीचा हिशोब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीचं सोपं गणित सोडवताना अडत होती, आणि शाळेत गणित येणारी मुलं बाजारात अडत होती. दोन्हीकडचा पूल बांधणं हे शाळेचंच काम.

शाळेनं मुलांच्या जगाकडं जायचं, हे आपल्याकडं फार आधी कुणाला तरी सुचलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढं अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली: कुरणशाळा. बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात. विरारच्या पुढं डहाणू लोकल पकडून तिकडं एकदा जाऊन या.

जाता जाता

मुंबईनं पाच विषयांत शाळकरी मुलांच्या जागतिक ऑलिम्पियाडचं यजमानपद भूषवलंय: गणित १९९६, रसायन २००१, जीवशास्त्र २००८, भौतिकशास्त्र २०१५ आणि खगोल २०२५. भारतीय चमूंची निवड आणि तयारी मानखुर्दच्या केंद्रातून होते, हे उपनगरातल्या अनेक मुलांना ठाऊकही नसतं.

सहावी आणि नववीसाठीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मात्र वेगळी. ती मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि मग कृतिसंशोधन प्रकल्प असतो. आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन त्यावर मुलानं स्वतः काम करायचं. क्लासवाले लेखीवर जोर देतात, खरी गोडी या प्रकल्पात आहे. तो पालकांनी करून देऊ नये.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं एमआयटीबरोबर उभा केलेला ‘क्लिक्स’ हा प्रकल्प चार राज्यांतल्या सरकारी शाळांत गेला आणि त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

महापालिकेच्या शाळा आठ भाषांत शिकवतात: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तामिळ, तेलुगू, कन्नड. शिकण्यावर संशोधन करायला इतकी समृद्ध भूमी दुसऱ्या कुठल्या शहरात सहज मिळणार नाही. या शाळा ओस पडू देणं शहराला परवडणारं नाही.

पुढच्या पालकसभेत फी आणि गॅदरिंगच्या आधी वर्गशिक्षिकेला एवढंच विचारा: ‘बाई, ज्या मुलांना अजून नीट वाचता येत नाही, त्यांच्यासाठी रोज वेगळा वेळ आहे का?’ नसेल, तर तो मिळावा म्हणून त्यांच्या बाजूनं मुख्याध्यापकांकडं जा. एकटे जाऊ नका, चार पालकांना घेऊन जा.